त्वचेवरील जखम कशी भरून येते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विळीवर बोट कापणे, ठेच लागून अंगठ्याची कातडी निघणे, दुचाकी घसरून गुडघा आणि कोपर खरचटणे या जखमा घरोघरी होतात आणि बहुतेक वेळा फारशा उपचारांविना भरूनही येतात. अमुक मलमाने जखम भरली असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात भरण्याचे काम शरीरच करते. त्या कामाला लागणारी परिस्थिती राखणे आणि त्यात अडथळा न आणणे एवढे मात्र पूर्णपणे आपल्या हाती असते, आणि घरगुती उपचारांतील बऱ्याच चुका नेमक्या इथेच होतात. पुढील माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. खोल, मोठ्या किंवा चिघळलेल्या जखमेसाठी डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

कापल्यावर रक्त आपोआप कसे थांबते?

कातडी कापताच त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताचा ओघ कमी होतो. एरवी वाहते रक्त वाहिनीच्या आतल्या गुळगुळीत अस्तरालाच स्पर्श करत असते. ते अस्तर फाटून त्याखालचे कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू उघडे पडले, की रक्तातील प्लेटलेट्स त्या तंतूंना चिकटतात, फुगतात आणि आणखी प्लेटलेट्सना ओढून घेणारी रसायने सोडतात. निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असल्यामुळे लहान जखमेचे तोंड काही मिनिटांत बुजते. पाठोपाठ रक्तातील प्रथिने एकामागून एक कार्यान्वित होतात, फायब्रिनचे धागे तयार होतात आणि गुठळी घट्ट होते.

ही गुठळी रक्त अडवण्यापुरती नसते. पुढील दिवसांत जखमेत येणाऱ्या पेशी तिच्याच धाग्यांच्या आधाराने आत सरकतात आणि प्लेटलेट्सनी सोडलेली रसायने त्यांना तिकडे खेचून आणतात. म्हणून रक्त वाहत असताना स्वच्छ कापडाने किंवा गॉजने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. थांबले का, हे पाहण्यासाठी कापड सारखे उचलले, तर नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

जखमेभोवती लाली आणि सूज आली, म्हणजे ती पिकली का?

नाही, निदान पहिल्या दोन-तीन दिवसांत तरी नाही. रक्त थांबल्यावर आकसलेल्या वाहिन्या पुन्हा रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू लागतो आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जखमेकडे जातात. त्यामुळेच जागा लाल, गरम, सुजलेली आणि दुखरी होते; यालाच दाह म्हणतात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी काही तासांतच पोहोचतात, जंतू गिळतात आणि एक-दोन दिवसांत त्यांची संख्या सर्वाधिक होते. त्यानंतर येणाऱ्या मॅक्रोफेज पेशी मेलेल्या पेशी, जंतू आणि कचरा उचलतात आणि पुढील बांधणीसाठी लागणारे संदेशही सोडतात. या पेशी नीट काम करत नसतील, तर जखम स्वच्छ करण्याच्या टप्प्यावरच अडकून राहते.

लाली दिवसेंदिवस पसरत जाणे, ठणका वाढणे, पिवळा-हिरवा किंवा दुर्गंधीयुक्त पू येणे, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसणे, ताप येणे ही मात्र जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. सूज उतरते आहे की चढते आहे, हे पाहणे सर्वांत उपयोगाचे.

जखमेत लालभडक, कणीदार मांस दिसू लागले, तर काळजी करावी का?

उलट ते चांगले लक्षण आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी जखमेत शिरून कोलॅजेन तयार करू लागतात आणि आसपासच्या निरोगी वाहिन्यांमधून नव्या केशवाहिन्यांचे फाटे फुटून आत येतात. या केशवाहिन्यांची वळणे वर आल्यामुळे पृष्ठभाग दाणेदार आणि ओलसर लाल दिसतो. त्यांच्या भिंती अतिशय नाजूक असतात. सुकलेला गॉज खसकन ओढून काढला, की रक्त येते, त्याचे कारण हेच; पट्टी चिकटली असेल तर ती आधी स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने पूर्ण भिजवावी.

हे मांस फिकट, राखाडी किंवा काळपट असेल, तर तिथे रक्तपुरवठा कमी आहे किंवा संसर्ग आहे, अशी शंका घ्यावी.

जखम आकाराने लहान होत जाते, ती नेमकी कशी?

दोन वेगळ्या क्रिया एकाच वेळी चालतात. कडेच्या बाह्यत्वचेतील पेशी सरकत आणि वाढत मध्यापर्यंत येतात, ही एक. जखमेच्या तळाशी असलेल्या काही फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये स्नायूंसारखे आकुंचन पावण्याची क्षमता येते आणि त्या चारही बाजूंची कातडी आत ओढतात, ही दुसरी. या पेशींना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. ज्युलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्यांची ओळख पटवली. या ओढीमुळे जखमेची कड दिवसाला सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर आत येऊ शकते. कुत्रे, उंदीर, ससे यांची कातडी सैल असल्यामुळे त्यांच्या जखमा मुख्यतः आकसूनच बंद होतात. माणसाची कातडी खालच्या थराला अधिक घट्ट बांधलेली असते, म्हणून आपल्याला नवी कातडी वाढवण्यावर जास्त अवलंबून राहावे लागते.

या आकुंचनाची दुसरी बाजूही आहे. गळा, काख, कोपर, बोटे अशा सांध्यांवरची भाजल्याची मोठी जखम आकसत बंद झाली, तर हालचाल कायमची अडते. जखम आपोआप बंद होऊ देणे प्रत्येक वेळी योग्य नसते, ते यासाठी.

खरचटलेला गुडघा चटकन भरतो, पण लहानशी खोल जखम आठवडे घेते. असे का?

दहा-बारा दिवसांपूर्वी खरचटलेला गुडघा उजेडात नीट न्याहाळला, तर लाल पृष्ठभागाच्या मध्यभागीही मोत्यासारखे फिकट गुलाबी ठिपके दिसतात. कडेपासून इतक्या दूर ही कातडी आली कुठून? ती केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींच्या नळ्यांतून वर आलेली असते. बाह्यत्वचेचे अस्तर या मुळांभोवती आत खोलवर, अंतस्त्वचेत उतरलेले असते. वरचा थर घासून गेला तरी तिथल्या पेशी शिल्लक राहतात आणि प्रत्येक केसाच्या मुळापासून कातडीचे एक बेट तयार होते. ही बेटे पसरत एकमेकांना मिळाली, की जखम बंद होते आणि बहुधा खूणही फारशी उरत नाही.

जखम अंतस्त्वचेच्या आरपार गेली, तर मुळांसकट हा साठा नष्ट होतो आणि नव्या कातडीला फक्त कडेवरूनच यावे लागते. जखमेला लागणारा वेळ रुंदीपेक्षा खोलीवर अधिक ठरतो. शस्त्रक्रियेत मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून भाजलेल्या जागी बसवतात, तेव्हा मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत स्वतःहून भरते, तीही याच मुळांच्या जोरावर.

फार मोठी जखम असेल तर शरीर ती बंद करू शकत नाही का?

काही महिन्यांत कदाचित करू शकेल, परंतु तोवर जखमेतून द्रव आणि प्रथिने वाहून जातात, जंतूंना वाट मोकळी राहते आणि शेवटी आकसलेला, ताठ व्रण उरतो. म्हणून अशा वेळी त्वचारोपण करतात, किंवा शेजारची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासह वळवून लावतात.

या दुसऱ्या पद्धतीच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या एका मराठी गाडीवानाला कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवल्याचा सचित्र वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापला गेला. ती शस्त्रक्रिया पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने केली होती. हा वृत्तांत वाचून युरोपातील शल्यचिकित्सकांनी ही पद्धत आत्मसात केली. रक्तपुरवठा शाबूत असेल तरच कातडी नव्या जागी धरते, हे त्या अनाम कारागिराला अनुभवाने पक्के ठाऊक होते, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी की झाकून ठेवावी?

‘हवा लागू दे, लवकर वाळेल’ हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या पाठीवरील उथळ जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जखमा उघड्या ठेवल्या आणि काही पातळ प्लास्टिकच्या आवरणाखाली ओलसर राखल्या, तेव्हा ओलसर जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने पसरली. जखमांच्या आजच्या उपचारपद्धतीचा बराचसा पाया या निरीक्षणावर उभा आहे.

कारण समजायला सोपे आहे. नव्या कातडीच्या पेशींना सरकण्यासाठी ओलसर पृष्ठभाग लागतो. जखम वाळली, की वर कडक खपली धरते आणि तिच्याखालचा काही जिवंत थरही सुकून मरतो. मग कडेच्या पेशींना खपली आणि जिवंत मांस यांच्यामधून, विकरांच्या साहाय्याने वाट पोखरत जावे लागते. त्यात वेळ जातो, वेदना अधिक होतात आणि व्रणही अधिक ठळक राहण्याची शक्यता असते.

घरगुती जखमेसाठी एवढे पुरेसे आहे: जखम धुवावी, तिच्यावर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, न चिकटणारी पट्टी लावावी आणि पट्टी रोज, किंवा ओली अथवा मळकी झाल्यास लगेच बदलावी. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडेची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली दिसू लागली, तर ओल जास्त झाली आहे असे समजावे.

पावसाळ्यात झाकण्याचे महत्त्व आणखी वाढते. कोकणात भातलावणीच्या वेळी तासन्‌तास चिखलात उभे राहणाऱ्यांना आणि मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना पायावरच्या बारीक चिरेतूनही लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, कारण त्याचे जंतू उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. पायाला जखम असताना अशा पाण्यात उतरणे शक्यतो टाळावे. ते अटळ असेल, तर गमबूट घालावेत आणि ताप आल्यास डॉक्टरांना पाण्यातील वावराबद्दल आवर्जून सांगावे.

खपली काढावी का?

जखम वाळून खपली धरलीच असेल, तर ती काढू नये. ती खालच्या नव्या कातडीचे संरक्षण करत असते आणि काम झाल्यावर आपोआप गळून पडते.

जखम कशाने धुवावी?

पिण्याच्या स्वच्छ वाहत्या पाण्याने, पाच-दहा मिनिटे. साध्या जखमांमध्ये नळाचे स्वच्छ पाणी वापरल्याने, सलाईनच्या तुलनेत, जंतुसंसर्ग वाढत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. आजूबाजूच्या कातडीला साबण चालतो. माती आणि खडीचे कण मात्र राहू देऊ नयेत, कारण ते संसर्गाला निमित्त होतात आणि आत राहिल्यास कातडीवर कायमचे काळे-निळे डागही पडतात.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र जंतुनाशके रोज जखमेत ओतणे चुकीचे आहे. झोंबते म्हणजे गुण येतो, ही समजूत खोटी आहे. ही द्रव्ये जंतूंबरोबर फायब्रोब्लास्ट आणि कातडीच्या नव्या पेशींनाही मारतात.

हळद लावलेली चालते का?

हळदीतील कर्क्युमिनमध्ये दाह कमी करणारे गुण असल्याचे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे, आणि जखमेवर हळद लावण्याची आपली प्रथा फार जुनी आहे. ही प्रथा एकदा जागतिक वादाचाही विषय झाली. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. गोव्यात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल सादर करून या पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले.

त्या विजयाचा अर्थ मात्र नेमका घ्यायला हवा. हा उपयोग नवा नाही, एवढेच तिथे सिद्ध झाले. डब्यातील हळदपूड उघड्या जखमेत भरणे सुरक्षित आहे, असे नव्हे. ती पूड निर्जंतुक नसते, तिच्यात भेसळ असू शकते आणि तिचे कण खोल जखमेत अडकून राहतात. शिवाय तिच्या पिवळ्या रंगामुळे डॉक्टरांना जखमेची खरी अवस्था दिसत नाही. चुना, राख, शेण, कॉफी, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेवर किंवा भाजलेल्या जागी लावू नये. भाजल्यावर लगेच वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे.

टाके घातल्याने जखम लवकर भरते का?

टाके जखमेच्या कडा एकमेकींना लावून ठेवतात, त्यामुळे भरायची पोकळीच उरत नाही. स्वच्छ कापलेल्या आणि नीट शिवलेल्या जखमेवर एक-दोन दिवसांतच कातडीचा पातळ थर तयार होतो. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांत, तर सांध्यांवरचे दहा ते चौदा दिवसांत काढतात. मळलेली, उशिरा आणलेली किंवा प्राण्याच्या चाव्याची जखम डॉक्टर अनेकदा मुद्दाम उघडी ठेवतात, कारण ती शिवल्यास जंतू आत कोंडले जातात. अशा वेळी ‘टाके का नाही घातले’ म्हणून रुग्णालय बदलू नये.

कातडी जुळली, म्हणजे जखम पूर्ण बरी झाली का?

नाही, आणि या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने वरून सगळे बंद दिसते, पण त्या वेळी जखमेची मजबुती मूळ कातडीच्या पाच टक्क्यांच्या आसपासही नसते. तीन आठवड्यांनी ती सुमारे वीस ते तीस टक्के आणि तीन महिन्यांनी जवळपास ऐंशी टक्के होते. त्यापुढे ती फारशी वाढत नाही आणि शंभर टक्के तर कधीच होत नाही. घाईने तयार झालेले तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन काढून त्या जागी पहिल्या प्रकारचे, अधिक भक्कम कोलॅजेन बसवण्याचे काम वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालते. निरोगी कातडीत हे तंतू सर्व दिशांनी गुंफलेले असतात, तर व्रणात ते एकाच दिशेने रचले जातात. रफू केलेले कापड मूळ विणीइतके लवचिक होत नाही, तसेच हे आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हंडा उचलू नका, पोती उचलू नका, असे सांगतात, ते याचसाठी.

टाके पडले असताना भात आणि आंबट खाऊ नये, हे खरे का?

भाताने पू होतो किंवा आंबटाने टाके पिकतात, याला आधार नाही. आंबटाच्या बाबतीत तर हे पथ्य नुकसानच करते. कोलॅजेनचा धागा घट्ट होण्यासाठी क जीवनसत्त्व अनिवार्य असते आणि ते लिंबू, आवळा, पेरू, संत्री यांतून मिळते. ते न मिळाल्यास काय होते, हे जुन्या समुद्रप्रवासांत दिसले. इंग्लंडचे नौदल अधिकारी जॉर्ज अ‍ॅन्सन यांच्या १७४० ते १७४४ च्या मोहिमेत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार झालेल्या एका खलाशाची तब्बल पन्नास वर्षांपूर्वीची, बॉयनच्या लढाईतील जखम पुन्हा उघडल्याची नोंद आहे. जुन्या व्रणातील कोलॅजेनही सतत मोडत आणि नव्याने बनत असते. बनणे थांबले, की व्रण सुटतो.

त्याबरोबर प्रथिने हवीत. डाळी, उसळी, दूध, अंडी, मासे यांपैकी जे चालत असेल ते नेहमीपेक्षा थोडे अधिक घ्यावे. जखमी माणसाला आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवणे म्हणजे बांधकाम सुरू असताना साहित्य बंद करणे होय.

मधुमेह असलेल्यांच्या जखमा का चिघळतात?

अनेक अडचणी एकाच पायात गोळा होतात. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की पायाच्या संवेदना बधिर होतात. चप्पल चावल्याचे, खडा रुतल्याचे किंवा गरम फरशीने पोळल्याचे कळतच नाही आणि त्याच जखमेवर माणूस दिवसभर चालत राहतो. बारीक-मोठ्या वाहिन्या अरुंद झाल्यामुळे प्राणवायू कमी पोहोचतो, पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते आणि दाहाचा टप्पा संपतच नाही. अशा रुग्णांनी रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. अनवाणी चालू नये, अगदी देवळाच्या तापलेल्या आवारातसुद्धा. पायावर कितीही लहान जखम दिसली, तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावी. ‘दुखत नाही, म्हणजे साधीच आहे’ हा निष्कर्ष मधुमेहात पाय गमावण्यास कारणीभूत ठरतो.

धूम्रपान, स्टेरॉइडची औषधे, रक्तक्षय आणि सततचा मानसिक ताण यांनीही जखम भरणे लांबते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांची साडेतीन मिलिमीटरची जखम इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. घरातील आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यालाही विश्रांती लागते, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच सापडतो.

धनुर्वाताचे इंजेक्शन गंजलेले लोखंड लागल्यावरच घ्यायचे का?

धनुर्वात गंजाने होत नाही. त्याच्या जंतूंचे बीजाणू माती, धूळ आणि शेणात असतात आणि प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ते वाढतात. त्यामुळे बाभळीचा काटाही तितकाच धोक्याचा. लसीचे सर्व डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षे, आणि मळलेल्या किंवा खोल जखमेसाठी पाच वर्षे उलटली असल्यास पुन्हा डोस घ्यावा लागतो. प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शनची गरज नसते.

कुत्रा चावला तर जखमेचे काय करावे?

साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल, तर जखमेत द्यावयाच्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल स्वतः विचारावे. मिरची, चुना, तेल लावू नये. जखम भरून आली, म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. रेबीजची लक्षणे जखम भरल्यानंतर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसतात आणि तेव्हा हाती काहीच उरत नाही.

भरत आलेल्या जखमेला खाज का येते?

दाहाच्या वेळी सुटणारे हिस्टामिन, पुन्हा वाढणारे मज्जातंतू आणि कोरडी नवी कातडी, ही त्याची मुख्य कारणे. खाजवण्याऐवजी जागेवर हलकेच थोपटावे आणि मऊ राहील असे काही लावावे.

व्रण राहू नये म्हणून काय करता येईल?

पहिले काही महिने ऊन लागू देऊ नये, कारण आपल्या सावळ्या कातडीत नवा व्रण उन्हाने काळपट पडतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल काही महिने नियमित लावल्यास उंचावलेला व्रण सपाट होण्यास मदत होते. काही व्रण जाड होतात, पण जखमेच्या हद्दीत राहतात आणि हळूहळू उतरतात. केलॉइड मात्र मूळ जखमेची कड ओलांडून निरोगी कातडीवर पसरतो आणि आपोआप जात नाही. तो कानाची पाळी, छाती आणि खांद्यावर अधिक आढळतो. घरात कोणाला केलॉइड असेल, तर हौसेखातर कानाला जादा छिद्रे पाडण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. केलॉइड नुसता कापून काढला, तर बहुधा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो, म्हणून कापण्याबरोबर इंजेक्शने किंवा इतर उपचारही द्यावे लागतात.

व्रणाशिवाय जखम भरणे शक्य आहे का?

निसर्गात ते घडते. गर्भावस्थेच्या साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत बाळाच्या कातडीवरील जखम खूण न ठेवता भरते. आफ्रिकेतील काटेरी उंदराच्या काही जाती निघालेली कातडी केसांसकट पुन्हा उगवतात. आपल्या स्वतःच्या तोंडातील, गालाच्या आतली जखमसुद्धा बाहेरच्या कातडीपेक्षा लवकर भरते आणि क्वचितच व्रण ठेवते. या तिन्ही ठिकाणी दाह सौम्य किंवा अल्पकाळ असतो, असे दिसते. हाच धागा धरून संशोधन चालू आहे, पण बाजारात ‘व्रण पूर्ण नाहीसा करणारे’ म्हणून विकले जाणारे कोणतेही क्रीम आज हे करू शकत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, जखमेत चरबी, स्नायूबंध किंवा हाड दिसत असेल, बोट हलवता येत नसेल किंवा बधिर झाले असेल, आत काच किंवा काटा राहिला असेल, जखम चेहऱ्यावर, हातावर किंवा सांध्यावर असेल, तर त्याच दिवशी जावे, कारण शिवण्याजोगी जखम जितकी लवकर शिवली जाईल तितके चांगले. दोन-तीन आठवड्यांत लहान होण्याची चिन्हे न दिसणारी जखम तपासून घ्यावी. कित्येक महिने न भरणाऱ्या किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर पुन्हा फुटलेल्या जखमेचा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण अशा जागी क्वचित कर्करोग होऊ शकतो आणि वेळेवर कळल्यास त्यावर उपचार करता येतात.